साहेब शेवटी बोलणार

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेत एका शनिवारी पालकसभा भरली होती. शाळा सरकारी, माध्यम मराठी, गाव निपाणीच्या बाजूचे. शनिवारची शाळा सकाळची. ती सुटल्यावर व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या, पुढे टेबल मांडले, टेबलामागे पाच खुर्च्या ठेवल्या. खुर्च्यांवर शाळा सुधारणा समितीचे, म्हणजे आम्ही ज्याला एसडीएमसी म्हणतो तिचे, अध्यक्ष, पंचायतीचे एक सदस्य, दोन ज्येष्ठ शिक्षक आणि मी. सतरंजीवर पुढे पुरुष मंडळी आणि मागे, अगदी पायरीच्या कडेशी, मुलांच्या आया.

सभेपुढचा विषय गंभीर होता. सहावी-सातवीची मुले, विशेषतः मुली, मधूनमधून गैरहजर राहत होत्या. आजारपण नाही, सण नाही, सुगीही नाही. तरी हजेरीपटावर आठवड्यातून एकदोन रिकाम्या जागा ठरलेल्याच. त्या विशिष्ट वारी पडाव्यात, तर तसेही नाही. मी पंचेचाळीस मिनिटे बोललो. सावित्रीबाईंपासून आरंभ केला, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यापर्यंत आलो, मुलगी शिकली तर घर कसे शिकते ते सोदाहरण सांगितले. मराठीचा एम. ए. असल्यामुळे सुभाषितांची वाण नव्हती. शेवटी विचारले, "कोणाला काही शंका?" कोणालाच नव्हती. अध्यक्षांनी आभार मानले, मुलांना नियमित शाळेत पाठविण्याचा ठराव एकमताने संमत झाला, सह्या-अंगठे झाले, चहा झाला. वृत्तान्ताच्या वहीत मी स्वहस्ते लिहिले : 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.'

एक गोष्ट मात्र त्या वहीत लिहिली गेली नाही. मी बोलत असताना मागच्या बाजूची एक बाई अर्धवट उठली होती. तिला घरी जाण्याची घाई झाली असावी असे समजून मी म्हणालो, "बसा, बसा, आता चहा येतोच आहे." ती बसली.

पुढच्या महिन्याचा हजेरीपट मागच्या महिन्यासारखाच निघाला.

सुज्ञ वाचकांना हा अनुभव अनोळखी वाटणार नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेला आपला समाज सभांवर जगत आला आहे. बडोदे असो, इंदूर असो, हैदराबाद असो की बंगळूर, चार मराठी घरे जमली की मंडळ निघते, मंडळ निघाले की सभा आली. वाचनालय, गणेशोत्सव, शाळा, मंगल कार्यालय, सारे काही सभेतून उभे राहिले आणि, खरे बोलावयाचे तर, पुष्कळ काही सभेतच मोडले. जेथे सरकारदरबारी आपली भाषा चालत नाही, तेथे या लहान लहान संस्थाच आपला ओटा आणि आपली सावली. त्यांच्या सभा नीट चालणे हा केवळ शिष्टाचाराचा भाग नव्हे. संस्थेच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. तरी सभा कशी चालवावी हे आपण कोणी शिकत नाही. अध्यक्ष कोणास करावे यावर आपण तासभर वाद घालतो. अध्यक्षाने करावयाचे काय, यावर पाच मिनिटेही नाही.

'पंचांमुखी परमेश्वर' असे आपण म्हणतो. परंतु परमेश्वर पंचांच्या मुखी यावयाचा तर आधी पाचही मुखे उघडली पाहिजेत. एकच मुख चालू राहिले, तर त्यातून पडते ते व्याख्यान.

अलीकडे मोठमोठ्या कंपन्यांतून सभा चालवून देणे हा स्वतंत्र व्यवसायच झाला आहे. त्या माणसाला इंग्रजीत फॅसिलिटेटर म्हणतात. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत 'सुलभक' हा शब्द रूढ आहे. शब्द वाईट नाही, पण मला त्याहून आपला जुना 'सूत्रधार' अधिक जवळचा वाटतो. त्यातही सूत्रधार दोन प्रकारचे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले. त्या परंपरेच्या नाटकांत सूत्रधार आरंभापासून अखेरपर्यंत रंगभूमीवरच असे. कथा तोच सांगे, पदेही तोच म्हणे. पात्रांनी यावे, आपले सोंग दाखवावे, सुचेल ते थोडे बोलावे आणि जावे. पुढे १८८० साली आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. तेथे सूत्रधार आरंभी येतो, प्रेक्षकांना नाटकाच्या दाराशी आणून सोडतो आणि आत निघून जातो. मग पदे म्हणावयाची ती पात्रांनीच. मराठी संगीत नाटक बहरले ते यानंतर.

आपल्या बहुतेक सभांचे अध्यक्ष अजून भाव्यांच्या काळातील सूत्रधार आहेत. त्या शनिवारी मीही तोच होतो.

सभेचा खरा चालक कसा असतो याचे एक मोठे उदाहरण याच बेळगावच्या मातीत घडले. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीच्या परिसरात 'विजयनगर' वसवून राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. कर्नाटकसिंह गंगाधरराव देशपांडे स्वागताध्यक्ष होते. हजारो पाहुण्यांच्या पाण्यासाठी तेव्हा खणलेली विहीर आजही 'काँग्रेस विहीर' म्हणून दाखवितात. महात्माजी अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनाचे. इतका भाग आमच्या शाळेतील मुलेही सांगतात. त्या खुर्चीवर बसण्यापूर्वी महात्माजींनी काय सोडले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

त्या वेळी राष्ट्रीय सभा दुभंगण्याच्या बेतात होती. कायदेमंडळात जाऊन सरकारला अडवावे असे म्हणणारे देशबंधू दास आणि मोतीलाल नेहरू यांचे फेरवादी एकीकडे, आणि बहिष्काराचा कार्यक्रम जसाच्या तसा चालवावा म्हणणारे नाफेरवादी दुसरीकडे. महात्माजींचे स्वतःचे मत कायदेमंडळप्रवेशाच्या विरुद्ध होते. जून १९२४ मध्ये अहमदाबादेस महासमितीची बैठक झाली. तेथे एका महत्त्वाच्या प्रश्नावर त्यांचा ठराव ७८ विरुद्ध ७० मतांनी संमत झाला. आपल्यापैकी कोणी त्या जागी असता तर हार-तुरे स्वीकारून घरी गेला असता. महात्माजींनी त्यानंतर 'यंग इंडिया'त लेख लिहिला, आणि त्याचा मथळा होता आपण पराभूत व नतमस्तक झालो, या अर्थाचा! आठ मतांचा विजय हा विजय नव्हे. सत्तर माणसे दुसरीकडे उभी आहेत एवढाच त्याचा अर्थ, हे त्यांना त्या सभेत उमगले.

मग नोव्हेंबरात कलकत्त्यास ते, दास आणि मोतीलालजी एकत्र बसले. स्वराज्यपक्षाने राष्ट्रीय सभेचा एक भाग म्हणून कायदेमंडळात काम करावे, असहकार राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्थगित ठेवावा, परदेशी कापडाचा त्याग मात्र चालू राहावा; आणि दरमहा दोन हजार वार सूत देणे ही सभासदत्वाची अट असावी, असे ठरले. पहिल्या दोन गोष्टी महात्माजींनी दिल्या, सूत त्यांनी घेतले. या तडजोडीवर बेळगावी शिक्कामोर्तब झाले. सुताची अट फार काळ टिकली नाही, हे खरे. पण जी संस्था १९२४ च्या उन्हाळ्यात फुटू पाहत होती, ती हिवाळ्यात बेळगावहून एकसंध परतली. अधिवेशनाला २०२४ साली शंभर वर्षे झाली, तेव्हा रोषणाई झाली, कमानी उभारल्या गेल्या. अध्यक्षाने आपले मत बाजूस ठेवून सभा वाचविली, याची आठवण ठेवणे त्या रोषणाईहून अवघड आहे.

बहुमत म्हणजे सहमती नव्हे, हा धडा अगदी लहान गावानेही गिरविला आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचे गाव आहे. तेथील ग्रामसभेत हात वर करून मते मोजण्याची चाल नाही. सर्वांची संमती मिळेपर्यंत विषय पुढे चालू राहतो. आज नाही जमले तर पुढच्या सभेत. देवाजी तोफा हे त्या गावचे पुढारी, आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून येऊन त्यांच्यासोबत बसणारे कार्यकर्ते. या दोघांच्या काळात तेथे एक नामी युक्ती रुजली. ग्रामसभेखेरीज एक अभ्यासगट असावा. तेथे हवे तेवढे बोलावे, शंका काढाव्यात, बाहेरच्या जाणत्यांना विचारावे, परंतु निर्णय घेऊ नये. निर्णय ग्रामसभेचा. समजून घेण्याची जागा आणि ठरविण्याची जागा वेगळी ठेवली की बोलण्यातील धार कमी होते, कारण तेथे कोणाला जिंकावयाचे नसते. याच गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली आपला बांबू आपल्या परवान्याने बाहेर पाठविण्याचा अधिकारही. शहरातील कोणती मंडळे इतक्या धीराने बसतात?

असो. धीर हवा हे खरे, पण धीराने नेमके मिळते काय, असा व्यवहारी प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर एका प्रयोगाने दिले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चांगले मांस सैन्याकडे जाऊ लागले. गृहिणींनी प्राण्यांचे हृदय, गुर्दे असे एरवी नाक मुरडले जाणारे भाग रांधावेत अशी सरकारची इच्छा होती. (शाकाहारी वाचकांनी क्षमा करावी, मुद्दा मांसाचा नाही.) कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाकडे हे काम आले. स्वयंसेविका स्त्रियांच्या काही गटांना उत्तम व्याख्यान दिले गेले. त्यात पोषणमूल्ये, देशसेवा, पाककृती, सारे होते. उरलेल्या गटांना सांगण्याऐवजी विचारण्यात आले : तुमच्यासारख्या गृहिणींना हे पदार्थ नकोसे का वाटत असावेत? मग वास, नवऱ्याची नापसंती, मुलांचे हट्ट, सारे बाहेर आले. त्या अडचणींवर जाणत्या बाईंनी उपाय सांगितले, पण विचारल्यावर. शेवटी, कोण करून पाहील, असे विचारून हात वर करवून घेतले. काही दिवसांनी चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शेकडा ३ जणींनी तो पदार्थ केला होता. चर्चेत बसलेल्यांपैकी शेकडा ३२ जणींनी.

हे आकडे वाचले तेव्हा माझी पंचेचाळीस मिनिटे माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

याच सुमारास एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. तो बेळगावास उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला आहे. मी त्याच्यापुढे शाळेचे रडगाणे गायिले. तो म्हणाला, "सर, आमच्यात कास्टिंग नापास व्हायला लागली की साहेब भाषण करीत नाहीत. आठदहा जणं बसतो आणि मासा काढतो." हा मासा म्हणजे काओरू इशिकावा या जपानी अभियंत्याची आकृती. जपानात १९६२ पासून कामगारांची गुणवत्ता-मंडळे, म्हणजे क्वालिटी सर्कल, सुरू झाली. एकाच खात्यातील थोडे लोक आपण होऊन ठरावीक वेळी बसतात आणि आपल्याच कामातील एक अडचण हाती घेतात. भारतात हैदराबादजवळ रामचंद्रपुरम येथील भेलच्या कारखान्यात १९८० साली त्यांचा आरंभ झाला. आकृती अगदी साधी. फळ्यावर माशाचा कणा ओढावयाचा, डोक्याच्या जागी अडचण लिहावयाची : 'कास्टिंगला भोके पडतात'. मग कण्याला काटे काढावयाचे. एक काटा वाळूचा, एक धातूचा, एक यंत्राचा, एक कामाच्या पद्धतीचा, एक माणसांचा. वाळूत ओल जास्त आहे काय? धातू ओतताना थंड झाला होता काय? प्रत्येकाने आपल्याला दिसलेले कारण सांगावयाचे, आणि ते त्या त्या काट्यावर लिहावयाचे. कोणाचेही कारण खोडावयाचे नाही. सारे लिहून झाल्यावर मग त्यांतले कोणते खरे ते तपासावयाचे.

"याने भांडण होत नाही?" मी विचारले.

"होत नाही, सर. 'कोणामुळं झालं' असं विचारलं की भांडण. 'कशामुळं झालं' विचारलं की मासा." मग थोडा हसून म्हणाला, "पण एक नियम आहे. साहेब शेवटी बोलणार. ते आधी बोलले की मासा तिथंच मरतो."

माझ्या विद्यार्थ्याने मला दिलेला हा धडा मी वहीत टिपून ठेवला.

मात्र येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, आणि ती सांगावयास निपाणीसारखे दुसरे गाव नाही. तंबाखूच्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या स्त्रियांच्या कष्टावर हे गाव मोठे झाले. धूळ नाकातोंडात, मजुरी तुटपुंजी, आणि तोंड उघडले तर काम जाण्याची भीती. १९८० च्या आगेमागे या स्त्रिया संघटित झाल्या आणि त्यांनी संप केले. त्यांच्यावर 'युगांतर' या चित्रपट-गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा छोटा चित्रपट केला. छाया दातार यांनी या संघटनेवर पुढे इंग्रजीत पुस्तक लिहिले. चित्रपट करणाऱ्यांची रीत मला फार शिकण्याजोगी वाटते. त्या मंडळींनी आधी सुमारे चार महिने या बायकांमध्ये राहून केवळ ऐकले. काय दाखवावयाचे हे त्यांच्याशी बोलून ठरविले. पडद्यावरचे कित्येक प्रसंग त्या स्त्रियांनीच पुन्हा उभे करून दाखविले. सूत्रधार आत गेला आणि पात्रे बोलू लागली.

परंतु या स्त्रियांना मालकाने चहा-बिस्किटे देऊन एखाद्या गोलमेज चर्चेस बोलाविले असते, तर त्या बोलल्या असत्या काय? आणि बोलल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी कामावर राहिल्या असत्या काय? जेथे एकाच्या हाती दुसऱ्याची भाकरी आहे, तेथे नुसती सभा नीट चालविल्याने न्याय होत नाही. आधी दुर्बळांच्या पाठीशी संघटनेचे बळ उभे राहावे लागते. कामगारांकडून युक्त्या काढून घ्यावयाच्या आणि त्यांतला नफा वाटावयाचा नाही, निर्णय आधीच ठरवून ठेवावयाचा आणि चर्चेचे सोंग करावयाचे, असेही कुशल चालक असतात. अशा सभेपेक्षा सरळ हुकूम बरा. म्हणून चालकाने स्वतःस पहिला प्रश्न हा विचारावा : यांनी काही वेगळे सांगितले, तर मी माझा निर्णय बदलणार आहे काय? उत्तर 'नाही' असेल तर सभा बोलावू नये, नोटीस लावावी.

या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःशी 'होय' असे दिले, आणि दुसरी सभा बोलाविली. ती शाळेत नाही, तर समाजमंदिरात. शनिवारी अकराला नाही, तर संध्याकाळी सात वाजता, बायका कामावरून येऊन, चूल पेटवून मोकळ्या झाल्यावर. खुर्च्या नेल्याच नाहीत. सारे वर्तुळात बसले, त्यामुळे मागे आणि पुढे हा भेदच उरला नाही. सभा चालविली माझ्या त्या फाउंड्रीतल्या विद्यार्थ्याने. त्याने आरंभी कोणालाच सर्वांसमोर बोलावयास सांगितले नाही. "शेजारणीला सांगा, मूल शाळेला न येण्याचं तुम्हांला वाटतं ते कारण," एवढेच म्हणाला. क्षणात समाजमंदिर चिमण्यांच्या झाडासारखे बोलू लागले. एक कन्नड बोलणारी आई होती. तिची शेजारीण तिचे म्हणणे मराठीत सांगू लागली. मग प्रत्येकीने स्वतःचे नव्हे, शेजारणीचे कारण सर्वांना सांगितले. स्वतःचे गाऱ्हाणे सांगावयास संकोच वाटतो. दुसरीचे सांगावयास वाटत नाही.

फळ्यावर मासा काढला होता. घर, वाट, शाळा, पैसा असे चार काटे. पहिल्या दहा मिनिटांतच एक आजी म्हणाल्या, "पाण्याच्या दिवशी पोरीला शाळेला कसं लावून द्यायचं, सर?"

आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. चारपाच दिवसांनी एकेका गल्लीची पाळी येते, आणि तीही पंपाला थ्री-फेज वीज केव्हा मिळेल त्यावर. कधी सकाळी नऊ, कधी साडेदहा. आईबाप कामावर गेलेले. मग पाणी भरणार कोण? सहावी-सातवीतली मुलगी. गैरहजेरीचा वार आम्हांला का सापडत नव्हता ते त्या क्षणी कळले. वार नव्हताच, गल्ली होती. हजेरीपटावर नावे वर्गवार असतात. ती गल्लीवार लावून पाहिली असती तर कोणत्याही शिक्षकाला एका बैठकीत हे दिसले असते.

पण मासा तेवढ्यावर थांबला नाही. 'शाळा' या काट्यावर काय लिहावयाचे, असे विचारल्यावर थोडी शांतता पसरली. मग एक आई खाली पाहत म्हणाली, "पाणी भरून पोरगी अकराला यायला तयार असतीय. पण उशीर झाला की बाहेर उभं करतात, म्हणून जात नाही म्हणतीय. दिवसच बुडवतीय."

उशिरा येणाऱ्याला प्रार्थनेपासून पहिला तास संपेपर्यंत बाहेर उभे करावयाचे, हा नियम माझा होता. शिस्तीसाठी मीच केलेला. माझ्या तोंडावर समर्थन आले होते. शिस्त म्हणजे काय, आमच्या काळी काय होते, सारे जिभेच्या टोकावर होते. माझ्या विद्यार्थ्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि फळ्याकडे वळून 'शाळा' या काट्यावर स्वच्छ अक्षरात लिहिले : 'उशीर झाला की बाहेर'. साहेब शेवटी बोलणार. मी गप्प बसलो. तीस वर्षांच्या नोकरीत इतके अवघड मौन मी पाळलेले नाही.

शेवटी माझी पाळी आली तेव्हा एकच वाक्य बोललो : पाण्याच्या दिवशी मूल केव्हाही आले तरी सरळ वर्गात बसेल. बाकीचे त्यांनीच ठरविले. प्रत्येक गल्लीत घरी असणाऱ्या दोन वृद्धांनी शेजारच्या दोनतीन घरांच्या घागरी लावावयाच्या. पंचायत सदस्यांनी वॉटरमनशी बोलून पाळीचा दिवस आदल्या संध्याकाळी कळवावयाचा. विजेचे कोणाच्याच हाती नव्हते, म्हणून पाणी पहाटे सोडावे असा ठराव कोणी मांडला नाही. पाळता येणार नाही असा ठराव करू नये, एवढे शहाणपण त्या वर्तुळात होते. सगळ्या गल्ल्यांत ही व्यवस्था सारखी चालली असे मी म्हणणार नाही. एका गल्लीत दोन घरांचे जमत नाही, ते अद्याप नाहीच. पण हजेरीपटावरच्या रिकाम्या जागा स्पष्ट कमी झाल्या. उरलेल्या का उरल्या, तेही आता आम्हांला ठाऊक असते.

आपल्या मंडळांच्या वाचकांनी यातून काय घ्यावे? फार मोठे काही नाही. विषयपत्रिकेवर दहा विषय घालू नयेत, दोन घालावेत. 'विषय : वाचनालय' असे न लिहिता 'वाचनालयात तरुण मुले का येत नाहीत?' असा प्रश्न लिहावा. प्रश्न वाचून माणूस घरूनच विचार करीत येतो. ज्यांच्याविषयी ठरावयाचे ते सभेत आहेत की नाहीत ते आधी पाहावे. तरुणांवरचा ठराव साठीच्या लोकांनीच करू नये, आणि स्वयंपाकघराचा ठराव पुरुषांनीच करू नये. संस्थापकांनी, माजी अध्यक्षांनी आणि माझ्यासारख्या मास्तरांनी शेवटी बोलावे. कोणी काय करावयाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे उठण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावे. आणि वृत्तान्तात 'खेळीमेळीच्या वातावरणात' हे शब्द लिहू नयेत. ते जेथे लिहिलेले असतात, तेथे बहुधा कोणी काही बोललेले नसते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. पहिल्या सभेत अर्धवट उठलेली ती बाई दुसऱ्या सभेला नव्हती. त्या दोन सभांमध्ये पाच महिने गेले होते. तिची मुलगी सातवीत होती, हुशार होती, अक्षर मोत्यासारखे. पाण्याच्या दिवशी उशीर, उशिरामुळे बाहेर, बाहेर उभे राहण्याची लाज म्हणून घरी. असे करीत करीत तिची शाळाच सुटली. कुटुंब कामासाठी दुसऱ्या गावी गेले. पुढे त्या गावच्या शाळेत तिचे नाव घातले गेले काय, याचा मी शोध केला. मागणीपत्र कोठूनही आलेले नाही.

त्या शनिवारी ती बाई काय सांगण्यासाठी उठली होती, हे मी आता ओळखू शकतो. पण ओळखणे आणि ऐकणे यांत अंतर आहे. तुमच्या मंडळाची सभा पुढच्या वेळी भरेल, तेव्हा भाषण कितीही रंगलेले असो, दाराशी कोण अर्धवट उठते आहे इकडे एकाने तरी लक्ष ठेवावे. आणि त्या माणसाला "बसा" म्हणू नये.